दुसऱ्या सहीची जागा

४ डिसेंबर

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच फाडलं नसशील, तर पुढचं वाच. एकोणतीस वर्षांनी लिहिते आहे. पत्ता कंपाउंडरच्या मुलीने शोधून दिला. आठवते का ती? दोन वेण्या, नाक कायम गळकं, मंडळाच्या फेरीला बापाचे बूट घालून यायची. ती आता एकेचाळीसची आहे, मंडळाची अध्यक्ष आहे आणि मला चांगली दमात घेते.

निसर्ग मंडळाला या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त पुस्तक निघायचं आहे आणि इतिहास मी लिहायचा असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. "मावशी, पहिल्या माणसांतलं आता तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणाली. खोटं नाही. पहिल्या बारांतले तिघे उरलो. त्यातल्या एकाला स्वतःच्या सुनेचं नाव आठवत नाही, दुसरा खाटेवरून उठत नाही. मी अजून जिने चढते, वाचनालयात रोज जाते आणि नव्या ग्रंथपालाच्या कामात नाक खुपसते. त्यामुळे घोंगडं माझ्या गळ्यात.

सुरुवात झकास जमली. वाचनालयाच्या खिडकीवर एक पाखरू येऊन आदळलं आणि काचेखाली मरून पडलं, तो रविवार तुला आठवत असेल. सात माणसं त्याच्याभोवती उभी राहिली आणि सातांनी सात नावं सांगितली. दोन तास भांडले. शेवटी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी टेबलावर हात आपटला, "इतकी वर्षं हे आपल्या डोक्यावरून उडतंय आणि एकालाही धड ठाऊक नाही. पुढच्या रविवारपासून पाहायला शिकायचं." झालं मंडळ सुरू. त्या पाखराचं नाव शेवटपर्यंत ठरलं नाही, हेही मी लिहिलं आहे.

मग सह्यांचा नियम. तो पोस्टमास्तरांच्या थापांमुळे आला. त्यांनी एकदा गरुडाला कुत्र्याचं पिल्लू उचलून नेताना पाहिलं, एकदा दोन शेपट्यांचा साप पाहिला, आणि दर वेळी एकटेच असताना. सरांनी नियमच केला की कोणतीही नोंद दोघांच्या सहीशिवाय वहीत जाणार नाही. पाहिलं तर दोघांनी, ऐकलं तरी दोघांनी. ज्याने स्वतः पाहिलं-ऐकलं नाही त्याने मैत्रीखातर सही केली तर तो मंडळातून बाद. पोस्टमास्तर महिनाभर फुगून बसले होते.

दुसरी वही फेरीची. निघताना प्रत्येकाने सही करायची, परत आल्यावर वाचनालयात येऊन पुन्हा सही करायची, वेळ घालायची. शेवटची सही होईपर्यंत चिटणीसाने टेबलावरून हलायचं नाही. एक जरी सही कमी असली तरी सगळ्यांनी मागे फिरायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एक फुंक म्हणजे इकडे या, दोन म्हणजे गप्प राहा, तीन म्हणजे मदत. चिटणीस मीच, हे नियम कागदावर मी उतरवले, माझ्याच अक्षरात ते वीस वर्षं भिंतीवर होते.

असं सगळं एकोणिसाव्या वर्षापर्यंत लिहिलं. तिथे अडले आहे. पाच दिवस झाले, एक ओळ पुढे जात नाही. त्या वर्षाबद्दल काय लिहावं असं तुला वाटतं, ते कळवशील का?

तलाव रिकामा केला आहे. भिंतीचं काम निघालं आहे. पश्चिमेकडचं पाणकणसांचं, त्या उंच पाणगवताचं रान तोडायला पुढच्या आठवड्यात यंत्र येणार आहे म्हणतात. सहज सांगितलं.

तुझी ताई

१३ डिसेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं, शिवाय चार शिव्या हासडल्या असत्या. तू शिव्या देत नाहीस, गप्प बसतेस. आई म्हणायची, थोरली भांडून मोकळी होते आणि धाकटी मनात ठेवते.

कालपर्यंत तुझी वाट पाहिली. आज घड्याळजींबद्दल लिहायला बसले. तुझ्या नवऱ्याला गावात त्या नावाशिवाय कोणी हाक मारली नाही. वाचनालयाच्या जिन्याखाली हातभर दुकान, डोळ्याला भिंग लावून दिवसभर जगाची घड्याळं ताळ्यावर आणणार आणि स्वतः जातील तिथे उशिरा. तुमच्या लग्नाच्या दिवशीही उशिरा आले होते. मंडळात आले तुझ्यामुळे. तुला पाखरांची हौस नव्हती, दोन फेऱ्यांत कंटाळलीस. ते मात्र चिकटले. फेरीत सगळ्यांच्या मागे, परत येताना सगळ्यांच्या मागे. सरांची चिडचिड व्हायची.

एकोणिसाव्या वर्षाचा तो रविवार मी इतिहासात असा लिहिला आहे: "थंडीतील फेरी, तलावाचा पश्चिम काठ. उपस्थिती बारा. दाट धुके." बस. बाकीचं तुला सांगते, कारण तू तिथे नव्हतीस आणि कोणी तुला नीट सांगितलंही नाही.

घुम्या नावाचा पक्षी तुला ठाऊक आहे. मी तुझं डोकं खाल्लं होतं त्याच्यावरून. बगळ्याच्या जातीतला, पाणकणसांत चोच वर करून उभा राहतो आणि तिथल्या तिथे नाहीसा होतो. वसंतात नर आवाज काढतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. थंडीत तोंड उघडत नाही. आपल्या तलावावर तो येतो असं पुस्तक सांगत होतं, पण वहीत एकही नोंद नव्हती. मी पहिल्या वर्षापासून त्याची वाट पाहत होते.

दुपारी डबे उघडून आम्ही बसलो होतो. घड्याळजी चवड्यांवर धावत आले. "ताई, चला लवकर. घुम्या उभा आहे!" मी गेले. ते बोट दाखवत होते, "तो बघा, तिसऱ्या जुडीच्या डावीकडे." मी दुर्बीण लावली. पाणकणसं, पाणकणसं आणि पाणकणसं. वारा पडला होता, काहीही हलत नव्हतं.

"दिसला?"

"नाही."

"अहो, मी आत्ता पाहिला! डोळा सुद्धा दिसला त्याचा. करा की सही."

"मी पाहिलेला नाही. मी सही करणार नाही."

"म्हणजे आमच्या शब्दाला तुमच्याकडे काडीची किंमत नाही," ते हसत म्हणाले. मग खांद्यावरची पाण्याची काचेची बाटली काढली, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तिच्या तोंडावर फुंकर घातली. हुबेहूब. धुक्यात तो आवाज असा काही भरला की सर सुद्धा दचकले. "आता ऐकला ना? निदान ऐकल्याची तरी सही करा!"

सगळे खो खो हसले. मी नाही हसले. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "थंडीत घुम्या बोलत नसतो, एवढं तरी वाचत जा." आवाज माझा मलाच कडू लागला. खरं सांगू? मला मत्सर वाटला होता. एकोणीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून बसले आणि चार वर्षांपूर्वी आलेल्या जावईबापूंना तो उभा राहून दर्शन देतो. त्यांनी पाहिला याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

ते म्हणाले, "सही नाही तर नाही. चित्र काढून आणतो. मग तर मानाल?" दोन नंबरची दुर्बीण मागून घेतली आणि मागे राहिले. गळ्यात शिट्टी नव्हती. सकाळी कंपाउंडरच्या मुलीने आपली घरी विसरली म्हणून रडवेलं तोंड केलं होतं, तेव्हा त्यांनी स्वतःची काढून तिच्या गळ्यात घातली होती.

संध्याकाळी सगळे परतले. सहा पंचवीसला वही बंद झाली. बारा सह्या.

अलीकडे एक होतं. वाचनालयात दुपारी तीनच्या सुमाराला, वाचक जेवायला गेलेले असताना, मला घुम्याचा आवाज येतो. तलाव कोरडा ठणठणीत आहे, एक बेडूक उरलेला नाही. कंपाउंडरच्या मुलीला मी विचारलं. तिने कान दिला आणि म्हणाली, "मावशी, कानांची तपासणी करून घ्या." दुसरं कोणी ऐकत नाही, म्हणून वहीत नोंद करता येत नाही. दर हिवाळ्यात येतो. या वर्षी रोज येतो.

तुझी ताई

२१ डिसेंबर

धाकटे,

तार करावी, फोन करावा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मीच लिहिते.

घड्याळजी सापडले.

मंगळवारी सकाळी यंत्र पश्चिमेकडची पाणकणसं उपटत होतं. चालकाला चिखलात काही चमकलं, तो यंत्र बंद करून खाली उतरला आणि तसाच पळत बांधावर आला. कंपाउंडरची मुलगी मला घेऊन गेली. बांधापासून चाळीस पावलं. मी जाताना मोजली, येताना पुन्हा मोजली. तिथली जमीन वरून घट्ट दिसते आणि खाली पुरुषभर गाळ आहे. पाय गेला की माणूस जितका धडपडेल तितका आत जातो, असं ठेकेदार म्हणाला.

दुर्बीण होती. पितळेवर "मंडळ २" कोरलेलं अजून वाचता येतं. ते डोळ्याला लावायचं भिंग होतं. काचेची बाटली होती, न फुटलेली. आणि ते होते. उभेच होते, धाकटे. मला वाटलं होतं मी धीराची आहे. त्या पोरीने मला धरून बांधावर बसवलं.

आता तुला कळलं असेल की मला काय सांगायचं आहे. बाराव्या सहीचं.

ती मी केली.

त्यांच्या सांगण्यावरून मी ती आधीही चारदा केली होती. ते मागे राहायचे, म्हणायचे, "ताई, माझीही सही ठोकून द्या, मी सरळ घरी जातो." दर वेळी ते खरंच घरी जायचे. दर वेळी दुसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक मारायचे, "चिटणीस, आम्ही जिवंत आहोत!" पाखरासाठी नियम म्हणजे नियम, तिथे माझं बोट कोणी वाकवू शकलं नसतं. माणसाच्या बाबतीत मी ढिली होते. त्या दिवशी तर त्यांनी सांगितलंही नव्हतं. धुक्यात लोक दोघंतिघं करून आले होते, सही करून घरी पळाले होते, कोण आलं आणि कोण नाही हे फक्त वहीला आणि मला ठाऊक होतं. सर तापाने फणफणले होते. मी मागे फिरायचं म्हटलं असतं तर ते त्या अंगाने पुन्हा तलावावर गेले असते. हे सगळं खरं आहे. तरी हे कारण नव्हे. मी चिडलेली होते, मला घरी जायचं होतं. म्हटलं, येतील चित्र मिरवत. पेन उचललं, त्यांच्यासारखा तो शेपटीवाला शेवट काढला, सहा पंचवीस घातले आणि दिवा मालवला.

सकाळी सातला तू दारात उभी होतीस. "ताई, हे रात्रभर आले नाहीत." तेव्हा सांगितलं असतं तर? मी या एका प्रश्नावर एकतीस वर्षं काढली. मला वाटलं, कुठे तरी गप्पा मारत बसले असतील, तासाभरात येतील, कशाला आपली शोभा करून घ्या. दुपारी पोलीस आले, सरांनी वही काढून दाखवली, "हे पाहा, सहा पंचवीसला परत आलेत." त्यानंतर सांगायला माझं तोंडच उघडेना. तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तू त्यांना परत आलेलं डोळ्यांनी पाहिलंस?"

मी म्हटलं, "पाहिलं."

मग जे झालं ते तू भोगलंस. वही सांगते माणूस आला, म्हणजे तलावात शोधायचं कशाला? दुर्बीण कपाटात नव्हती, म्हणजे घेऊन पळाले. पळाले, म्हणजे कुठे तरी बाई असणार. लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला आणि मी मूग गिळून बसले. तू गळा फोडून सांगत होतीस, "दुकानात घड्याळ उघडं पडलंय. उघडं घड्याळ टाकून ते चहालाही जात नाहीत, गाव सोडून कसे जातील?" तुझ्याइतकं बरोबर कोणी पाहिलं नव्हतं. मंडळात तू असायला हवी होतीस आणि मी नको होते.

तिसऱ्या दिवशी तू तलावाच्या काठाने त्यांना हाका मारत फिरत होतीस. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मीच तुला दंडाला धरून घरी आणलं. "सगळ्यांसमोर तमाशा नको," म्हटलं. तू पश्चिम काठावरच उभी होतीस.

दोन वर्षांनी तू जाताना म्हणालीस, "तुझी वही खरी आणि मी खोटी. राहा वहीजवळ." राहिले.

पोलिसांना काल जबाब दिला. सहीचं सांगितलं. आलेला पोरगेला अधिकारी लिहिता लिहिता थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. कंपाउंडरच्या मुलीलाही सांगितलं. ती उठली. घरी जाऊन परत आली आणि टेबलावर एक शिट्टी ठेवली. म्हणाली, "मावशी, ही त्यांची. दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. कोणाला द्यायची तेच कळेना, म्हणून राहिली माझ्याकडे." आणि दोन वेण्यांच्या वयात रडायची तशी रडली.

पुस्तकात हे सगळं जाणार आहे. तू खरी होतीस, घड्याळजी चोर नव्हते, पळपुटे नव्हते, हे छापून येईल, माझ्या नावानिशी. काहीजण म्हणताहेत, पन्नासाव्या वर्षी कशाला हे उकरून काढायचं. मी म्हटलं, यंत्राने उकरलं, मी फक्त लिहिते.

इतकंच होतं. सगळं सांगून झालं.

त्यांना ताब्यात घ्यायला तुझी सही लागेल. कधी येतेस ते कळव.

तुझी ताई

६ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. एकोणतीस वर्षांत पहिली ओळ आणि तीही एकच. "बाटलीला बूच होतं का?"

कार्ड हातात घेऊन मी वाचनालयाच्या जिन्यावर बसले. 

मी 'सगळं सांगून झालं' लिहिलं, तेव्हाच तुला कळलं असणार की झालेलं नाही. लहानपणी मी बरणी फोडली आणि आईला झाकण फुटलं म्हणून सांगितलं, तेव्हाही तू नुसती विचारत राहिली होतीस, बरणी कुठे आहे, ताई, बरणी कुठे आहे.

बाटली पोलीस चौकीत आहे. मी परवा जाऊन पाहिली. बूच आहे. तू त्याला घड्याळातल्या पातळ पितळी तारेने बाटलीच्या मानेशी बांधून दिलं होतंस, हरवू नये म्हणून. तार शाबूत आहे. बूच तिला लटकलेलं आहे. तोंडात नाही, काढलेलं आहे. दुपारी फुंकर मारून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा घट्ट लावलेलं मी पाहिलं होतं. त्यांचा हात नीटनेटका, उघडलेली वस्तू मिटवल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. म्हणजे ते नंतर काढलं.

आता ऐक.

मी बांधावरून सगळ्यांच्या शेवटी येत होते. पुढचे लोक धुक्यात दिसेनासे झाले होते. वेळ पाच पन्नास. मी घड्याळ पाहिलं, त्यांनीच दुरुस्त करून दिलेलं. उजव्या हाताच्या पाणकणसांतून घुम्याचा आवाज आला. मी थांबले. पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा. तिन्ही सारख्या लांबीचे, मध्ये सारखी थांबण्याची जागा. मी मोजले. सवयीनेच मोजले, मंडळात कोणीही मोजलं असतं.

थंडीत घुम्या बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. पाच तासांपूर्वी मीच त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं. म्हणजे तो घुम्या नव्हता, तो बाटलीचा आवाज होता, हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. मला वाटलं, चिडवताहेत. मला एकटीला गाठून चिडवताहेत. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तीन म्हणजे काय, हा नियम माझ्या अक्षरात भिंतीवर होता. शिट्टी त्यांच्या गळ्यात नाही हे मला ठाऊक होतं. धुकं इतकं की तोंडाने मारलेली हाक शंभर पावलांत विरून जायची आणि हा आवाज कसा दूर जातो, ते दुपारी आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी विचार करूनच बूच काढलं असणार. डोकं ठिकाणावर होतं त्यांचं. माझं नव्हतं.

मी धुक्याकडे तोंड करून म्हटलं, "पुरे आता!" आणि चालू लागले.

त्यांना ते ऐकू गेलं असेल. चाळीस पावलं फक्त होती. आवाज त्यानंतर आला नाही. मला समाधान वाटलं, धाकटे, की गप्प केलं. त्या समाधानात मी जिना चढले आणि त्याच समाधानात सही केली. मत्सराचं सांगितलं, चिडल्याचं सांगितलं, पण हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. तिसऱ्यानंतर ते का थांबले? मला ऐकलं म्हणून, मी येते आहे असं वाटून थांबले, की मी निघून गेले हे कळून थांबले? दुपारी तीनला जो आवाज येतो तो तिसऱ्याशी थांबतो. चौथ्यासाठी मी रोज कान देते.

तू क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस, पोलिसांचा कागद टपालाने पाठवता येतो, मी विचारून ठेवलं आहे. पण आलीस तर माझ्याकडे उतरू नकोस हे मीच सांगते, तुला संकोच नको. कंपाउंडरच्या मुलीने खोली झाडून ठेवली आहे. शिट्टी ती तुलाच देईन म्हणते.

मंडळाचा मी राजीनामा दिला. नियमाप्रमाणे मी एकतीस वर्षांपूर्वीच बाद आहे. इतिहासातलं एकोणिसावं वर्ष आता पूर्ण झालं. चार पानं आहेत, या पत्रात आहे तेच त्यात आहे, "पुरे आता" सुद्धा. प्रत सोबत जोडली आहे. एखादा शब्द तुला खोटा वाटला तर खोड.

जुन्या दोन्ही वह्या काल काढल्या. फेरीच्या वहीतली बारावी सही लाल रेघेने खोडली आणि बाजूला माझं नाव घातलं. मग पाहिल्या-ऐकल्याच्या वहीत त्या रविवारचं पान उघडलं. तिथे त्या दिवशी काहीच नोंद नाही, घुम्याची जागा मी कोरी ठेवायला लावली होती. तिथे लिहिलं:

"दुपारी बारा पन्नास. तलावाचा पश्चिम काठ, तिसऱ्या जुडीच्या डावीकडे. घुम्या, एक, चोच वर करून उभा. पाहणार: घड्याळजी.

संध्याकाळी पाच पन्नास. तोच काठ, बांधापासून चाळीस पावलं. तीन हाका, सारख्या अंतराने. माणसाच्या. ऐकणार:"

आणि खाली माझी सही केली.

नियमाप्रमाणे दुसरी सही हवी. मी रात्रंदिवस विचार केला की कोणाची घ्यावी. तुझी घेता येत नाही, तू तिथे नव्हतीस, आणि मी आता कोणाला न पाहिल्याची सही मागणार नाही. त्या धुक्यात त्या तीन हाका ऐकणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं.

त्यांची सही मला अजून येते. शेपटीसकट, डोळे मिटून येते. वही समोर उघडी होती, पेन हातात होतं, खोलीत कोणी नव्हतं.

नाही केली. जागा रिकामी ठेवली आहे.

ताई